पिन बसली म्हणजे जोडणी झाली असं नव्हे

“डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. आलं तर पूर्ण येतं, नाहीतर येतच नाही. मग वायर कुठलीही चालते. पिन बसली की काम झालं.”

हुबळी-धारवाडपासून कलघटगीपर्यंत साउंडचं काम करणाऱ्यांकडे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि जुनी ध्वनिमुद्रणं संगणकावर उतरवून देणाऱ्यांकडे हे मत इतक्या ठामपणे ऐकायला मिळतं की त्यावर प्रश्न विचारणारा माणूसच अडाणी ठरतो. एईएस या व्यावसायिक डिजिटल पद्धतीचं आउटपुट एसपीडीआयएफ या घरगुती डिजिटल पद्धतीच्या इनपुटला जोडायचं असेल तर दोन पिना कापून एकमेकींना सोल्डर करतात. ऑप्टिकलची खोबण दिसली की तिच्यात ऑप्टिकल वायर घालतात. एक्सएलआर दिसला की माइकची केबल लावतात. आवाज आला की पैसे चुकते होतात आणि विषय संपतो.

हे मत चुकीचं आहे, आणि त्यामुळे होणारं नुकसान भरून येत नाही. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणं मला आवश्यक वाटतं. डिजिटल जोडणीत पिनचा आकार ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. विद्युतदाब आणि इंपीडन्स, डेटाची मांडणी, त्यासोबत जाणारी माहिती आणि दोन्ही मशीनांचं घड्याळ या चार गोष्टी जुळल्या तरच जोडणी झाली म्हणायचं. यातली एक जरी चुकली तरी आवाज येऊ शकतो, पण तो मूळचा आवाज असेलच याची खात्री उरत नाही.

ही चर्चा फक्त तंत्रज्ञांपुरती आहे असं कोणी म्हणेल. आपल्या भागात तरी तसं म्हणता येणार नाही. कलघटगी रंगीत लाकडी पाळण्यांसाठी ओळखलं जातं, पण ते ज्या धारवाड जिल्ह्यात आहे त्याची ओळख गाण्याची आहे. कुंदगोळचे सवाई गंधर्व (१८८६–१९५२) याच जिल्ह्यातले, आणि मराठी रंगभूमीने त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्या शिष्या गंगुबाई हनगल (१९१३–२००९) हुबळीत राहिल्या, मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) आणि बसवराज राजगुरू धारवाडात. भीमसेन जोशी शेजारच्या गदग भागातले. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० सालचं. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ बैठकी होत आल्या. अशा मुलखात घरगुती मैफली, पुण्यतिथ्या, मंदिरांतली गाणी लोकांनी ज्यावर जमेल त्यावर मुद्रित केली. आधी कॅसेटवर, आणि १९८७ नंतर ज्यांना परवडलं त्यांनी डॅट या डिजिटल टेपवर, १९९२ नंतर मिनीडिस्कवर. सोनीने डॅटची मशीनं पाठवणं २००५ साली बंद केलं. आज ज्या घरात, मंडळात किंवा स्टुडिओत अशी टेप शिल्लक आहे तिथे ती वाजवणारं चालू मशीन मिळणंच मुश्कील झालं आहे. टेप एकदा नीट चालेल, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. त्या एका वेळेला मधली जोडणी चुकली तर चूक कायमची फाइलमध्ये जाते आणि पुढच्या पिढीला तेच मूळ गाणं वाटतं.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा आधी घेतो: शून्य आणि एक यांची नक्कल बिघडूच शकत नाही. हा विश्वास संगणकावर फाइल कॉपी करण्याच्या अनुभवातून आला आहे. पेन ड्राइव्हवरून फाइल उतरवली तर ती तंतोतंत उतरते, हे खरं. पण ती तंतोतंत उतरते, कारण फाइल पाठवणारी यंत्रणा प्रत्येक तुकडा तपासते आणि चुकला तर पुन्हा मागवते. एईएस३ आणि एसपीडीआयएफ या पद्धतींत पुन्हा मागवण्याची सोय नाही. पाठवणारं मशीन बोलत राहतं, घेणारं ऐकत राहतं. आवाजाच्या प्रत्येक नमुन्यासोबत (सॅम्पलसोबत) ३२ बिटांची एक चौकट जाते. तिच्यात चूक ओळखण्यासाठी एकच पॅरिटी बिट असतो. एक बिट चुकला तर तो ओळखतो, दोन चुकले तर त्याला कळतही नाही. आणि ओळखून तरी काय होतं? घेणारं मशीन आधीचा नमुना पुन्हा वापरतं, शेजारच्या दोन नमुन्यांवरून अंदाज बांधतं किंवा क्षणभर गप्प बसतं. म्हणजे “पूर्ण येतं नाहीतर येतच नाही” हे विधान टोकाच्या दोन अवस्थांबद्दलच खरं आहे. मधला पट्टा बराच रुंद आहे, आणि त्यात चुका होत राहतात, अंदाजाने झाकल्या जातात आणि आपल्याला कळत नाहीत. ज्या मुद्द्यावर सगळ्या युक्तिवादाची भिस्त होती तोच इथे टिकत नाही.

आता पिनेकडे वळू. एक्सएलआर ही तीन टोकांची पिन माइकसाठी वापरतात, लाइन सिग्नलसाठी वापरतात आणि एईएस३ या डिजिटल सिग्नलसाठीही वापरतात. आरसीए पिनेतून ॲनालॉग आवाज जातो, एसपीडीआयएफ जातो आणि जुन्या टीव्हीला चित्रही जायचं. बीएनसी पिनेवर ७५ ओहमचा एईएस सिग्नल असू शकतो, ५६ किंवा ६४ चॅनलांचा मॅडी असू शकतो, घड्याळाचा वर्ड क्लॉक असू शकतो, आणि वायरलेस माइकच्या अँटेनाची ५० ओहमची केबलही असू शकते. तोशिबाने १९८३ साली आणलेल्या टॉसलिंकच्या चौकोनी खोबणीतून एसपीडीआयएफचे दोन चॅनल जातात. त्याच खोबणीतून, त्याच वायरीवरून, अलेसिसची अ‍ॅडॅट पद्धत ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल पाठवते. वायर एकच, पिन एकच, लाल प्रकाशही तोच, पण दोन्हींच्या भाषा वेगळ्या. एका टोकाला अ‍ॅडॅट आणि दुसऱ्या टोकाला एसपीडीआयएफ असेल तर जगातली सर्वांत महाग ऑप्टिकल वायरही उपयोगाची नाही.

आजच्या मंडपांत हाच घोटाळा आरजे४५ पिनेवर होतो आहे. बेहरिंगर एक्स३२ सारख्या मिक्सरच्या मागे संगणकाच्या नेटवर्कसारखी दिसणारी दोन सॉकेटं असतात. ती एईएस५० या पद्धतीची असतात. ४८ चॅनल नेणारी ही जोडणी थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते आणि तिला शील्ड असलेली कॅट-५ई केबल लागते. तीच केबल नेटवर्क स्विचमध्ये घातली तर काहीच चालत नाही. दांते ही ऑडिनेटची पद्धत मात्र स्विचमधून चालते. दोन्ही सॉकेटं शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही. ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्विच बदलत आणि केबल बदलत वेळ घालवणारा माणूस मूर्ख नसतो. पिनच्या आकारावरून भाषा ओळखता येते असं त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं, एवढंच.

यापुढे विजेचा हिशेब येतो आणि इथे मत-मतांतराला जागा नाही. एईएस३ चं आउटपुट बॅलन्स्ड असतं. ११० ओहमवर त्याचा दाब २ ते ७ व्होल्ट, टोक ते टोक. एसपीडीआयएफ अनबॅलन्स्ड, ७५ ओहमवर जेमतेम अर्धा व्होल्ट. एईएसचं ५ व्होल्टचं आउटपुट साध्या पिनबदलाने एसपीडीआयएफच्या इनपुटला जोडलं तर त्या इनपुटवर ठरल्यापेक्षा कितीतरी पट दाब पडतो. काही मशीनं तो सोसतात, काहींत शेजारच्या सर्किटला त्रास होतो, आणि कुठलं मशीन कोणत्या गटातलं हे पिन बघून कळत नाही. उलट दिशेने, एसपीडीआयएफच्या आउटपुटवरून एईएसच्या इनपुटकडे, थोड्या अंतरावर काम निभावतं, कारण घेणाऱ्याला ०.२ व्होल्टपर्यंतचा सिग्नल वाचता आला पाहिजे असं मानक आहे. अर्धा व्होल्ट त्याच्या वर राहतो, पण फार वर नाही. केबल लांबली की हा उरलेला फरकही आटतो. म्हणजे “मी उलटं जोडलं होतं, चाललं” हा दाखला दुसऱ्या दिशेला लागूच होत नाही.

इंपीडन्स म्हणजे काय, हे न सांगता “११०” आणि “७५” हे आकडे तोंडावर फेकणं बरोबर नाही. वेगाने बदलणारा सिग्नल केबलमधून लाटेसारखा जातो. केबलचा आणि मशीनचा इंपीडन्स जुळला नाही तर त्या लाटेचा काही भाग सांध्यावरून मागे फिरतो, जसा विहिरीत मारलेल्या हाकेचा आवाज कडेवरून परत येतो. ११० आणि ७५ ओहमच्या सांध्यावर किती दाब मागे फिरतो? ११० वजा ७५ म्हणजे ३५, भागिले दोन्हींची बेरीज १८५, म्हणजे सुमारे १९ टक्के. माइकच्या केबलचा इंपीडन्स तर डिजिटलसाठी कोणी ठरवलेलाच नसतो. तो बहुधा ११० च्या बराच खाली असतो, आणि तिची धारिता जास्त असल्यामुळे सिग्नलच्या धारदार कडाही बोथट होतात.

मग टेबलावर दीड मीटरच्या माइक केबलने काम का होतं? याचंही उत्तर आकड्यात आहे. ४८ किलोहर्ट्झच्या एईएस३ सिग्नलमध्ये दर सेकंदाला ३०,७२,००० बिट जातात, आणि प्रत्येक बिटाचे दोन भाग पडतात. एक भाग सुमारे १६३ नॅनोसेकंदांचा. केबलमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात अंदाजे २० सेंटिमीटर जातो. एक मीटरच्या केबलमध्ये मागे फिरलेली लाट जाऊन-येऊन १० नॅनोसेकंदांत परतते, म्हणजे त्याच भागाच्या सुरुवातीला, वाचण्याचा क्षण येण्यापूर्वी शांत होते. ३० मीटरच्या केबलमध्ये तिला ३०० नॅनोसेकंद लागतात. तेव्हा ती पुढच्या, त्याच्याही पुढच्या भागावर जाऊन आदळते आणि शून्य-एकची सीमा पुसते. दुकानातल्या टेबलावर यशस्वी झालेली जोडणी कलघटगीच्या जत्रेत स्टेजपासून मिक्सरपर्यंत ताणल्यावर अडखळते ती याच कारणाने. दोष हवेचा नाही, जनरेटरचा नाही, मशीनच्या मूडचा नाही. टेबलावरची चाचणी खरी होती, पण ती दीड मीटरची चाचणी होती. प्रतिपक्ष आपल्या अनुभवाचा दाखला देतो तेव्हा त्याला मी एकच विचारतो: किती मीटरचा अनुभव?

आता त्या बिटांच्या आत काय जातं ते पाहू, कारण सर्वांत फसवी चूक तिथेच होते. आवाजाच्या बिटांबरोबर प्रत्येक चौकटीतून चॅनल स्टेटसचा एकेक बिट जातो. असे १९२ बिट जमले की एक माहितीपत्रक पूर्ण होतं. त्या पत्रकाचा पहिलाच बिट सांगतो की हा सिग्नल व्यावसायिक आहे की घरगुती. पुढच्या बिटांचा अर्थ त्यावर ठरतो. घरगुती पत्रकात तिसरा बिट प्रत काढण्याच्या परवानगीचा असतो. व्यावसायिक पत्रकात त्याच जागी एम्फसिसची, म्हणजे ध्वनिमुद्रणात मुद्दाम चढवलेल्या वरच्या स्वरांची, माहिती सुरू होते. पिना बदलून व्यावसायिक सिग्नल घरगुती मशीनमध्ये घातला आणि त्या मशीनने पहिला बिट न पाहता पुढचे वाचले, तर ते सरळ “प्रत काढायला मनाई” असं समजून ध्वनिमुद्रण नाकारू शकतं. माणूस मात्र मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला पाठवतो.

एम्फसिसचा गोंधळ आणखी वाईट, कारण तिथे मशीन काही नाकारत नाही. एम्फसिस असलेल्या ध्वनिमुद्रणाची खूण वाटेत हरवली तर चढवलेले वरचे स्वर उतरवलेच जात नाहीत. सर्वांत वरच्या टोकाला हा फरक १० डेसिबलच्या आसपास जातो. तानपुऱ्याची जवार टोचायला लागते, गायकाचे श्वास आणि ‘स’ कर्कश होतात. ऐकणारा म्हणतो, “जुनं रेकॉर्डिंग आहे, असंच असणार.” नाही, ते तसं नव्हतं. आपण ते तसं केलं.

प्रत काढण्याच्या बंधनालाही इतिहास आहे. घरगुती डिजिटल रेकॉर्डरवर एससीएमएस ही व्यवस्था आली आणि अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची झाली. जगभर विकली गेलेली बहुतेक घरगुती मशीनं ती सोबत घेऊनच आली. अशा मशीनवर तुम्ही स्वतःच्या माइकने, स्वतःच्या अंगणात मैफल मुद्रित केली तर तिची डिजिटल प्रत निघते, पण त्या प्रतीची पुढची डिजिटल प्रत दुसरं घरगुती मशीन काढू देत नाही. ज्या कुटुंबाने मूळ टेप कुणाला तरी देऊन स्वतःकडे प्रत ठेवली, त्याच्यापुढे ही भिंत उभी राहते. कितीही वायरी बदलल्या तरी ती हलत नाही, कारण अडचण वायरीत नाहीच. ही खूण नीट हाताळणारा रूपांतरक किंवा व्यावसायिक इंटरफेस लागतो.

भाषा न जुळण्याचा हाच घोटाळा घरातही घडतो. नव्या टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट जुन्या ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी लोक छोटा डबा आणतात. टीव्ही डॉल्बीचा संकुचित डेटा पाठवत असतो आणि डब्याला साधा, न दाबलेला पीसीएम डेटाच कळतो. मग एकतर शांतता, नाहीतर पूर्ण आवाजात खरखर. त्यावर दुसरा डबा, तिसरी वायर असा खर्च वाढत जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवलं की प्रश्न तिथेच सुटतो, पैसा न खर्चता. आणि ऑप्टिकल ते कोएक्सियल डबा बहुधा एकाच दिशेने चालतो, त्याला वीज लागते, हे दुकानदाराने सांगायलाच हवं. साध्या वायरीने प्रकाशाचं विजेत रूपांतर होत नाही.

चौथी गोष्ट घड्याळाची, आणि शास्त्रीय संगीतासाठी मला ती सर्वांत गंभीर वाटते. डॅटवर नमुने घेण्याच्या ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ अशा तिन्ही वेगांनी ध्वनिमुद्रण होत असे. ४८ ने मुद्रित केलेला डेटा ४४.१ समजून साठवला तर काय होतं? स्वर सुमारे दीड अर्धस्वर खाली घसरतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी गातो, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीवर नाही. एक तासाची मैफल ६५ मिनिटं १८ सेकंदांची होते. विलंबित आणखी विलंबित होतो, तानेची धार बोथट होते, आवाज उगाच जाड वाटतो. ३२ चा डेटा ४८ समजला तर गायकाचा षड्ज बरोबर पंचमावर जाऊन बसतो. ती चूक कोणालाही लगेच कळते. पण दीड अर्धस्वराची चूक ज्याने त्या गायकाला प्रत्यक्ष ऐकलं नाही त्याला कळणार नाही. ऐकलेली माणसं दर वर्षी कमी होत आहेत. उद्याचा विद्यार्थी त्या फाइलवरून गायकाची पट्टी ठरवेल, लय ठरवेल, आवाजाचा पोत ठरवेल. तबकडीच्या जमान्यात मूळ वेगाबद्दल शंका राहायची, कारण तबकड्या नेहमी नेमक्या ७८ च्या वेगाने कोरलेल्या नसत. डिजिटल काळात ही सबब नाही. वेग त्या माहितीपत्रकातच लिहिलेला असतो. तो वाचायचं टाळलं तर दोष आपला.

वेग बरोबर निवडूनही घड्याळं दोन असू शकतात. दोन मशीनं आपापल्या स्फटिकावर चालली आणि त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका फरक असला तर ४८ किलोहर्ट्झला दर सेकंदाला २.४ नमुने इकडेतिकडे होतात. तासाभरात ८,६४० नमुने. यातली प्रत्येक घसरण म्हणजे आवाजात एक बारीक टिचकी. तबल्याच्या बोलांत ती लपते, आलापात मात्र ऐकू येते. उपाय साधा आहे: घेणाऱ्या मशीनने पाठवणाऱ्याच्या घड्याळावर चालावं. सेटिंगमध्ये ‘इंटर्नल’ ऐवजी ‘एक्स्टर्नल’ निवडायचं असतं. ही निवड कोणतीही वायर करून देत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला: “एवढी कटकट कशाला, ॲनालॉगने जोडा.” या सूचनेचा मी अनादर करत नाही. योग्य सामग्री हाताशी नसेल तर चांगल्या ॲनालॉग आउटपुटवरून चांगल्या कन्व्हर्टरमध्ये घेतलेली प्रत ही चुकीच्या डिजिटल जोडणीपेक्षा निःसंशय चांगली. तिचा वेग बरोबर असतो, तिच्यात टिचक्या नसतात, एम्फसिस मशीनने स्वतः उतरवलेला असतो. पण त्यात एकदा डिजिटलचं ॲनालॉग आणि पुन्हा ॲनालॉगचं डिजिटल होतं, थोडी खरखर वाढते, पातळी चुकली तर टोकं कापली जातात. तडजोड म्हणून ती स्वीकारावी, पण डिजिटल जोडणी नीट शिकायचीच नाही यासाठी तिची ढाल करू नये.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो: “म्हणूनच तर महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या, आवाज गोड होतो.” मानकाप्रमाणे इंपीडन्स असलेली केबल एकही बिट न चुकवता डेटा पोचवत असेल तर आणखी गोड असं काही उरत नाही. मुलामा गंज रोखतो, एवढंच. “कुठलीही चालते” म्हणणारा आणि “महागच हवी” म्हणणारा, दोघंही तारेकडे पाहतात. मशीनच्या मागे छापलेलं वाचायचं काम दोघंही टाळतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो खेड्यातून येतो तेव्हा त्याला मान द्यायलाच हवा. पण तो इथे लागू होत नाही. एसपीडीआयएफला ७५ ओहमची केबल हवी. केबल टीव्हीसाठी आणि सीसीटीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ किंवा आरजी-५९ केबल ७५ ओहमचीच असते. तिला दोन चांगल्या आरसीए पिना लावल्या की काम झालं. एईएस३ ला ११० ओहमची पीळदार जोडी हवी. संगणकाच्या दुकानात मिळणारी कॅट-५ केबल १०० ओहमची आहे. ११० आणि १०० च्या सांध्यावर मागे फिरणारा दाब ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे माइकच्या केबलपेक्षा कितीतरी चांगला. दोन्ही केबली कलघटगीसारख्या तालुक्याच्या गावीही मिळतात आणि माइकच्या चांगल्या केबलपेक्षा स्वस्त पडतात. एईएस आणि एसपीडीआयएफ यांच्यामध्ये लागणारा ११० ते ७५ ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर न्यूट्रिकसारख्या कंपन्या पिनेच्याच आकारात बनवतात. तो इंपीडन्स जुळवतो आणि दोन मशीनांच्या जमिनी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतो. मंडपात मिक्सर एका फेजवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर असतात तिथे हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा ठरतो, कारण पिना जोडून बनवलेली वायर दोन्ही जमिनी एकत्र बांधते आणि स्पीकरांत गुणगुण शिरते. चुकीची जोडणी गरिबीमुळे होत नाही. बरोबर वस्तू स्वस्तात उपलब्ध असताना ती होते, म्हणूनच ती क्षम्य नाही.

शेवटचा आक्षेप: “कानाला कळत नाही, मग फरक काय?” जत्रेतल्या निवेदनापुरता तो मान्य. जतनासाठी अजिबात नाही. जतन केलेली फाइल आजच्या कानासाठी नसते. तिच्यावर उद्या कोणी संशोधन करेल, स्वर मोजेल, ती स्वच्छ करेल. शिवाय कानावर विसंबायची गरजही नाही. टेप पुन्हा चालण्याच्या अवस्थेत असेल तर ती दोनदा उतरवा, दोन्ही फाइली संगणकावर नमुन्याला नमुना जुळवून एकमेकींतून वजा करा. पूर्ण शांतता उरली तर उतरवणी भरवशाची. टिचक्या उरल्या तर कुठेतरी चूक आहे, आणि ती नेमकी कोणत्या सेकंदाला आहे तेही दिसतं. एकूण कालावधी घड्याळाशी ताडा. तानपुऱ्याचा षड्ज ट्यूनरवर पाहा, आणि तो दोन पट्ट्यांच्या मधोमध आला तर थांबून वेग तपासा. या तपासण्यांना खास यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

म्हणून साउंडचं काम करणाऱ्या आणि जुनी ध्वनिमुद्रणं उतरवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पिन हातात घेण्यापूर्वी दोन्ही मशीनांच्या मागचं लेबल वाचा. तिथे एईएस लिहिलं आहे की एसपीडीआयएफ, ऑप्टिकलवर अ‍ॅडॅट आहे की एसपीडीआयएफ, ओहम किती, वेग किती, घड्याळ कोणाचं, हे कागदावर लिहून काढा. जुळत नसेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर किंवा रूपांतरक मागवा, आणि तो येईपर्यंत टेप मशीनमध्ये घालू नका. दुकानदारांनी गिऱ्हाइकाला कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनला जोडायचं आहे हे विचारल्याशिवाय वायर विकू नये. संस्थांनी आणि कुटुंबांनी ध्वनिमुद्रणं कोणाकडे द्यायची हे ठरवताना दर विचारण्याआधी जोडणी कशी करणार हे विचारावं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या हाती टेप देऊ नये. धारवाडच्या मातीतल्या गाण्याची उरलेली मूळ ध्वनिमुद्रणं मोजकी आहेत, ती वाजवणारी मशीनं त्याहून कमी आहेत. आपण त्यांना एकदाच हात लावणार आहोत. तो हात नेमका पडला पाहिजे.